पिट्युटरीच्या गाठीचं ऑपरेशन झालं, आता ती परत वाढणार का? अंदाज कसा बांधायचा, पायरी पायरीने

पिट्युटरी म्हणजे मेंदूखालची, हार्मोन सोडणारी छोटी ग्रंथी. तिची गाठ नाकातून दुर्बिणीने काढली, पेशंट चालत घरी आला, की घरातलं प्रत्येक माणूस एकच विचारतंय, परत तर येणार नाही ना? डॉक्टर म्हणतात फॉलोअपला येत रहा, आणि ते बरोबरच आहे, पण फॉलोअप म्हणजे नेमकं काय बघायचं हे कुणी बसून सांगत नाही, ओपीडीत तेवढा वेळच नसतो. आमच्या घरात थोरल्या वहिनींचं हे ऑपरेशन झालंय, त्यानंतर ओळखीतल्या, पाहुण्यांतल्या बऱ्याच जणांच्या फायली बघायला मिळाल्या, त्यातून जे नीट समजलं ते इथं लिहितोय. निर्णय तुमच्या न्यूरोसर्जन आणि एंडोक्रायनॉलॉजिस्टनीच (हार्मोनच्या डॉक्टरांनीच) घ्यायचा, पण तुमच्या फाईलमध्ये काय आहे आणि काय नाही हे तुम्हाला माहीत पाहिजे.

आधी एक गोष्ट पक्की करा. परत वाढेल का याचं उत्तर कुठल्याही एका रिपोर्टात नसतं. गाठ आजूबाजूला किती घुसली होती, मागे किती राहिली, ती कुठल्या जातीच्या पेशींची होती, त्या पेशी किती जोरात वाढत होत्या, आणि ऑपरेशननंतर हार्मोन कुठं आले, या पाच गोष्टी एकत्र ठेवल्या की अंदाज बनतो. यातल्या बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच कळतात, म्हणून हे तीन महिने कागद गोळा करण्यात ढिलाई करू नका.

पायरी १: फाईल लावा

आपल्याकडं कोल्हापूर जिल्ह्यात अडचण अशी की पेशंट चंदगडचा किंवा गडहिंग्लजचा, पहिला एमआरआय कोल्हापुरात, ऑपरेशन पुण्यात किंवा मुंबईत, गाठीचा तुकडा तिसऱ्याच लॅबला, आणि पुढच्या तपासण्या परत कोल्हापुरात राजारामपुरीत. कागद चार गावांत विखुरलेले. दोन वर्षांनी कोण विचारतं तेव्हा काही सापडत नाही.

तुम्हाला लागणार आहे: ऑपरेशनच्या आधीचा एमआरआय, नुसता रिपोर्ट नाही तर सीडी सुद्धा. ऑपरेशन नोट्स. बायोप्सीचा म्हणजे काढलेल्या गाठीच्या तपासणीचा पूर्ण रिपोर्ट. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यातले हार्मोन आणि सोडियम. आणि तीन महिन्यांचा एमआरआय.

ऑपरेशन नोट्स म्हणजे डिस्चार्ज कार्ड नव्हे हां. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव आणि गोळ्या असतात. ऑपरेशन नोट्समध्ये सर्जननी डोळ्यांनी काय बघितलं ते असतं, गाठ मऊ होती की चिवट, बाजूच्या भिंतीत घुसलेली दिसली का, कुठला तुकडा मुद्दाम सोडला आणि का सोडला. हे दहा वर्षांनीही उपयोगाला येतं. मेडिकल रेकॉर्डमध्ये अर्ज करून मागा, मिळतात.

सीडी खराब होतात, म्हणून आल्याआल्या पेन ड्राईव्हवर आणि ऑनलाईन कॉपी करून ठेवा. आणि आपल्या जिल्ह्यात हे जास्तच महत्त्वाचं, २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठच्या गल्ल्यांत लोकांची घरंच पाण्यात गेली, कागदांचं काय घेऊन बसलाय. प्रत्येक कागदाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये पाहिजेच.

पायरी २: ऑपरेशनच्या आधीचा एमआरआय वाचा

पिट्युटरी मुळात हरभऱ्याएवढी ग्रंथी, मेंदूच्या खाली हाडाच्या खोबणीत बसलेली. गाठ १० मिमीपेक्षा लहान असली तर मायक्रो, १० मिमी किंवा मोठी तर मॅक्रो, ४० मिमीच्या पुढं गेली तर जायंट म्हणतात. पण नुसत्या आकारावरून घाबरू नका किंवा निर्धास्त पण होऊ नका. वरच्या दिशेने वाढलेली मोठी गाठ कधीकधी पूर्ण निघते, आणि बाजूला घुसलेली लहान गाठ निघत नाही.

बाजूला म्हणजे कॅव्हर्नस सायनस. ग्रंथीच्या दोन्ही अंगाला ही जागा असते, त्यातून मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी आणि डोळा हलवणाऱ्या नसा जातात. गाठ तिथं किती शिरली हे सांगायला नॉस्प ग्रेड वापरतात, व्हिएन्नाच्या न्यूरोसर्जन नॉस्प यांनी १९९३ मध्ये मांडलेली पद्धत, ० ते ४. शून्याला गाठ धमनीच्या आतल्या बाजूलाच थांबलेली असते, चारला धमनी पूर्ण वेढलेली असते. ३ आणि ४ ला तुकडा मागे राहण्याची शक्यता बरीच वाढते, कारण धमनीजवळ ओरबाडून काढणं जिवावर बेतू शकतं, म्हणून सर्जन शहाणपणाने तिथं थांबतात. तुमच्या रिपोर्टात नॉस्प ग्रेड लिहिलेला नसला तर रेडिओलॉजिस्टला सीडी दाखवून विचारा, जुन्या सीडीवरून पण काढता येतो.

पायरी ३: बायोप्सी रिपोर्ट, इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

लई फायलींमध्ये हा रिपोर्ट एका ओळीचा असतो, "पिट्युटरी ॲडेनोमा, कॅन्सरच्या पेशी नाहीत", आणि घरचे म्हणतात चला सुटलो. कॅन्सर नाही ही चांगलीच बातमी आहे, खरं म्हणजे पिट्युटरीचा शरीरात दुसरीकडं पसरणारा ट्यूमर फारच विरळ, हजारात एखाददुसरा. पण कॅन्सर नसणं आणि परत न वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एका ओळीतून पुढं काय होईल हे अजिबात कळत नाही. नवीन रिपोर्टात ॲडेनोमाऐवजी न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर किंवा पिटनेट असं छापलेलं असलं तरी घाबरू नका, २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ते नाव आलंय, गाठ तीच.

रिपोर्टात काय शोधायचं ते सांगतो.

पहिलं, पेशींची जात. २०१७ पासून वर्गीकरण पेशीच्या आतल्या तीन घटकांवर चालतं, पिट-१, टी-पिट आणि एसएफ-१. पिट-१ वाल्या पेशी ग्रोथ हार्मोन, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं), टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं) बनवणाऱ्या घराण्यातल्या, टी-पिट म्हणजे एसीटीएच (कॉर्टिसोल बनवायला लावणारं) वाल्या, एसएफ-१ म्हणजे गोनॅडोट्रॉफ, सेक्स हार्मोनना चालना देणाऱ्या पेशी. हार्मोन न सोडणाऱ्या बहुतेक गाठी एसएफ-१ वाल्या असतात आणि त्या साधारण संथ वागतात. पण त्याच "हार्मोन नाही" म्हटलेल्या गाठींमध्ये काही टी-पिट पॉझिटिव्ह निघतात, त्यांना सायलेंट कॉर्टिकोट्रॉफ म्हणतात, रक्तात कॉर्टिसोल नॉर्मल, पेशंटला कुशिंगची (कॉर्टिसोल जास्त झाल्याने होणाऱ्या आजाराची) काहीच लक्षणं नाहीत, पण गाठ परत उठण्याची सवय जास्त. टी-पिट केलंच नसेल तर ही गाठ साध्या गाठींत मिसळून जाते आणि एमआरआय दोन दोन वर्षांनी ठेवला जातो. म्हणून ही तपासणी महत्त्वाची. याशिवाय स्पार्सली ग्रॅन्युलेटेड सोमॅटोट्रॉफ, क्रूक सेल, इमॅच्युअर पिट-१ आणि पुरुषांमधले लॅक्टोट्रॉफ, हे शब्द दिसले तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना त्याबद्दल स्पष्ट विचारायचं.

दुसरं, वाढीचा वेग. यात तीन आकडे बघायचे: केआय-६७ म्हणजे वाढीच्या चक्रात असलेल्या पेशी किती टक्के, मायटोसिस म्हणजे विभागत असलेल्या पेशी मायक्रोस्कोपखालच्या दहा फील्डमध्ये किती, आणि पी-५३ म्हणजे पेशींच्या वाढीला लगाम घालणारं प्रथिन. केआय-६७ ची रेघ बहुतेक ठिकाणी ३ टक्क्यांवर धरतात. पण ४ टक्के आलं म्हणून रडत बसू नका आणि १ टक्का आलं म्हणून फॉलोअप सोडू नका, हा आकडा लॅबप्रमाणे, मोजणाऱ्याप्रमाणे, तुकड्याचा कुठला भाग मोजला त्याप्रमाणे बदलतो, एकट्या केआय-६७ वरून भविष्य सांगता येत नाही.

तो घुसखोरीबरोबर जोडला की मात्र जोर येतो. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या ट्रुइयास आणि सहकाऱ्यांनी ४१० पेशंटचा ८ वर्षांचा मागोवा घेऊन एक ग्रेडिंग मांडलं आणि मला ते सगळ्यात उपयोगी वाटतं कारण ते आपल्यासारख्या माणसालाही लावून बघता येतं. १ म्हणजे घुसलेली नाही, २ म्हणजे घुसलेली, ३ म्हणजे दुसरीकडं पसरलेली. पुढं अ असेल तर वाढीचा वेग कमी, ब असेल तर वरच्या तीन आकड्यांपैकी किमान दोन वाढलेले. म्हणजे घुसली नाही आणि शांत आहे ती १-अ, घुसली आहे आणि पेशी पण जोरात आहेत ती २-ब. त्यांच्या पेशंटमध्ये १-अ च्या मानाने २-ब ची गाठ परत वाढण्याची शक्यता सुमारे १२ पट निघाली. तुमच्या फाईलवर पेन्सिलने हा ग्रेड लिहून डॉक्टरांना विचारा बरोबर आहे का, पुढचं सगळं बोलणं सोपं होतं.

आणि हे केलेलंच नसेल तर? गाठीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये ठेवलेला असतो, त्यावर नंतर, काही वर्षांनी सुद्धा, इम्युनो म्हणजे हे सगळे डाग लावून तपासता येतं. ओळखीतल्या एका पेशंटच्या रिपोर्टात केआय-६७ चा उल्लेखच नव्हता, ब्लॉक मागून दुसरीकडं पाठवला तेव्हा टी-पिट पॉझिटिव्ह निघालं आणि फॉलोअपचं वेळापत्रकच बदललं. लॅबकडं ब्लॉक आणि न रंगवलेल्या स्लाईड्स दोन्ही मागा, पावती घ्या, ब्लॉक नंबर लिहून ठेवा, आणि काम झालं की ब्लॉक परत आणून स्वतःकडं जपून ठेवा.

पायरी ४: ऑपरेशननंतरचे हार्मोन

गाठ हार्मोन सोडणारी असली तर एमआरआयच्या आधी रक्त बोलतं.

कुशिंग असेल तर पहिल्या काही दिवसांत सकाळचं कॉर्टिसोल बघतात. ते २ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं तर उत्तम खूण. पेशंट गळून गेलेला असतो, सांधे दुखतात, मळमळ, घरच्यांना वाटतं ऑपरेशन बिघडलं, पण कॉर्टिसोल इतकं खाली जाणं म्हणजे गाठ निघाल्याचं लक्षण आहे, आणि मग कित्येक महिने बाहेरून स्टेरॉईड द्यावं लागतं. ५ च्या वर राहिलं तर काहीतरी शिल्लक असण्याची शंका, डॉक्टर परत तपासतात. कुशिंग बरं झालं तरी वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचं, ते परत येतंय याची पहिली चाहूल बहुतेकदा रात्री उशिराच्या लाळेतल्या कॉर्टिसोलमध्ये लागते.

ॲक्रोमेगालीत, म्हणजे ग्रोथ हार्मोन जास्त सोडणाऱ्या गाठीत, घाई करू नका. आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनमुळं शरीरात बनणारा घटक) सावकाश उतरतं, म्हणून ते साधारण १२ आठवड्यांनी करतात, आणि वयाप्रमाणे नॉर्मल बघायचं असतं. पहिल्या महिन्यात करून जास्त आलं म्हणून रात्र रात्र जागणारी माणसं आहेत, त्याचा उपयोग नाही. ग्रोथ हार्मोन १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर चांगलं, गरज पडली तर साखर पाजून केलेली टेस्ट. घरी बघायचं तर सराफाकडं, गुजरीत करून घेतलेली अंगठी परत घट्ट व्हायला लागली का, पायताणाचा नंबर वाढला का, घोरणं परत सुरू झालं का.

प्रोलॅक्टिनच्या गाठीला मुळात गोळ्याच आधी देतात, ऑपरेशन काही जणांनाच. ज्यांचं होतं त्यांच्यात दुसऱ्याच दिवशी प्रोलॅक्टिन १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर पुढचा अंदाज चांगला.

आता तपासणी चुकवणाऱ्या गोष्टी, कारण यामुळं लोक उगाच हादरतात. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये बऱ्याचदा पॅन्टोप्राझोलबरोबर डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराईड असतं, दोन्हींनी प्रोलॅक्टिन चढतं, आणि ह्या कॅप्सूल आपल्याकडं चहा-बिस्किटासारख्या घेतल्या जातात. तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी कॉर्टिसोल खोटं वर दिसतं आणि आयजीएफ-१ खाली येतं. प्रेडनिसोलोन चालू असेल तर लॅबची मशीन त्यालाच कॉर्टिसोल समजू शकते. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही काही मशीनना फसवतं. म्हणून लॅबला जाण्याआधी सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा, स्टेरॉईड मात्र स्वतःच्या मनाने एक डोस पण चुकवायचा नाही, कुठला डोस पुढं ढकलायचा ते तेच सांगतील. आणि शक्यतो दरवेळी एकच लॅब, कारण आयजीएफ-१ एका पद्धतीचं दुसऱ्या पद्धतीशी जुळत नाही.

सोडियमबद्दल थोडक्यात, गाठीच्या अंदाजाशी याचा संबंध नाही पण घरी आल्यावर धोका इथंच असतो. ऑपरेशननंतर साधारण चौथ्या ते दहाव्या दिवसात सोडियम घसरू शकतं, तोपर्यंत पेशंट गावी पोचलेला असतो. डोकं दुखणं, उलटी, बडबड, गुंगी दिसली तर वाट बघू नका, सोडियम कुठल्याही साध्या लॅबला होतं, सातव्या दिवसाच्या आसपास एकदा करून घ्याच. नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव, मान आखडून ताप, किंवा सारखी लघवी आणि न भागणारी तहान असेल तरी लगेच फोन.

पायरी ५: तीन महिन्यांचा एमआरआय, आणि मग वेग

लगेचच्या एमआरआयमध्ये रक्त, सूज, पोटातून किंवा मांडीतून घेतलेली चरबी, नाकातला लावलेला पडदा, सगळं मिसळलेलं असतं, गाठीचा तुकडा कुठला आणि भरलेलं काय हे ओळखणं अवघड. म्हणून साधारण तीन महिन्यांचा कॉन्ट्रास्ट एमआरआय हा पाया धरतात. जाण्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून घ्या. शक्यतो पुढचे सगळे त्याच मशीनवर, त्याच पद्धतीने, फॉर्मवर पिट्युटरीचे पातळ काप असं लिहून घ्या.

हार्मोन न सोडणाऱ्या गाठीत या एमआरआयला काही शिल्लक दिसलं नाही तर ती परत येण्याची शक्यता ढोबळमानाने दहात एखाद-दुसऱ्याला. तुकडा शिल्लक असेल आणि पुढं काहीच उपचार केला नाही तर वर्षं जातील तसं जवळपास निम्म्यांमध्ये तो वाढतो. म्हणजे निम्म्यांमध्ये वाढत नाही, हे पण तेवढंच लक्षात ठेवा. कॅव्हर्नस सायनसमधला तुकडा, तरुण वय, या गोष्टी वाढीच्या बाजूला ढकलतात.

आता सगळ्यात जास्त घात कुठं होतो ते बघा. समजा तुकडा पहिल्या वर्षी ९ मिमी, मग १०, परत १०, मग ११, पाचव्या वर्षी १२. दरवर्षीच्या रिपोर्टात लिहिलेलं असतं "मागच्या वेळेच्या तुलनेत लक्षणीय फरक नाही", आणि ते खोटंही नाही, एका मिमीचा फरक मोजण्यातच होऊ शकतो. पण पहिल्याशी तुलना केली तर? लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले २, हे घनफळाचं सोपं गणित. तिन्ही बाजूंनी ९ असताना सुमारे ३६५ घन मिमी, तिन्ही बाजूंनी १२ झाल्यावर ८६४. म्हणजे सव्वादोन पटीपेक्षा जास्त झालं आणि कुणालाच कळलं नाही. म्हणून रेडिओलॉजिस्टला प्रत्येक वेळी मागची सीडी तर द्याच, पण तीन महिन्यांची पहिली सीडी सुद्धा द्या आणि सांगा दोन्हींशी तुलना करा. वहीत एक पान करून तारीख, तिन्ही मापं, घनफळ लिहीत जा. माझ्या मते अंदाज बांधायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, कारण बाकी सगळे कागद गाठ काय करू शकते ते सांगतात, हे पान ती काय करतेय ते सांगतं.

पायरी ६: सगळं जोडून वेळापत्रक ठरवा

घुसलेली नाही, पूर्ण निघाली, वेग कमी, हार्मोन नॉर्मल: साधारण वर्षाला एक एमआरआय पाच वर्षं, मग दोन-तीन वर्षांनी. तुकडा आहे किंवा ग्रेड २-ब किंवा सायलेंट कॉर्टिकोट्रॉफ: पहिल्या काळात सहा सहा महिन्यांनी बघणारे डॉक्टर बरेच, आणि वाढ दिसायच्या आधीच पुढच्या उपचाराची चर्चा करून ठेवतात. पाच वर्षं झाली म्हणून बंद करू नका, दहा वर्षांनी उठलेल्या गाठी पण असतात. पेशंट अगदी तरुण असेल किंवा घरात आणखी कुणाला पिट्युटरीची किंवा पॅराथायरॉईडची गाठ असेल तर मेन-१ आणि एआयपी या जीन्सची तपासणी लागेल का हे विचारा.

दोन एमआरआयच्या मध्ये डोळे सांभाळा. ग्रंथीच्या बरोबर वर दृष्टीच्या नसांचा छेद असतो, गाठ वर आली की दोन्ही डोळ्यांचं कडेचं दिसणं जातं आणि माणसाला ते कळत नाही, तो म्हणतो गर्दीत धक्के लागतात, गाडीवर असताना बाजूने आलेलं दिसलं नाही. महिन्यातून एकदा एकेक डोळा झाकून बघा, लाल रंग फिका दिसतो का, कडेची बोटं दिसतात का. शंका आली तर पेरिमेट्री, म्हणजे कडेच्या नजरेची तपासणी, लगेच, एमआरआयच्या तारखेची वाट बघायची नाही.

पायरी ७: वाढली तर

तुकडा वाढला म्हणजे लगेच रेडिएशन असं नसतं. कधी परत ऑपरेशन, कधी गामा नाईफ, सायबर नाईफसारखी एका किंवा थोड्या बैठकीतली रेडिओसर्जरी, कधी हळू वाढत असेल आणि वय जास्त असेल तर नुसतं लक्ष. हार्मोन न सोडणाऱ्या गाठींत रेडिओसर्जरीने पाच वर्षांपर्यंत दहातल्या नऊ जणांच्या आसपास वाढ थांबलेली राहते, पण गाठ आणि दृष्टीची नस यांच्यात काही मिमी जागा लागते, म्हणून पहिल्या ऑपरेशनलाच वरचा भाग काढून नस मोकळी करून घेणं इतकं महत्त्वाचं असतं. सगळं करून पण वाढतच राहिली तर टेमोझोलोमाईडच्या (केमोथेरपीच्या) गोळ्या, साधारण तीन सायकलनंतर उपयोग होतोय का ते बघतात. खर्चाचं आधी बोलून घ्या, महात्मा फुले योजनेत तुमचा उपचार आणि तुमचं हॉस्पिटल बसतं का हे दाखल व्हायच्या आधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा, नंतर नाही.

रेडिएशननंतर उरलेली ग्रंथी वर्षानुवर्षं हळूहळू थकत जाते, त्यामुळं थायरॉईड, कॉर्टिसोल, सेक्स हार्मोन दरवर्षी तपासायचे. स्टेरॉईड चालू असलेल्या पेशंटने तापात डोस दुप्पट करायचा असतो, उलटीत गोळी टिकत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि थेट हॉस्पिटल, हे डॉक्टरांकडून लिहून घेऊन पाकिटात ठेवा. आणि जूनच्या आत किमान एका महिन्याच्या जादा गोळ्या आणि ते इंजेक्शन घरात आणून ठेवा, पुरात हायवे दिवसेंदिवस बंद राहतो हे आपण दोनदा बघितलंय, औषधाच्या दुकानात माल येत नाही, आणि ही गोळी एक दिवस पण चुकवता येत नाही.